हेल्मेट ट्रकसाठी नसतंच!

हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगत २३ किलोमीटरची सायकल-वाट आहे. एक तुकडा नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीकडे, दुसरा नरसिंगीहून कोल्लूरकडे. डोक्यावर छप्पर, छपरावर सौर पॅनेलं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उद्घाटन झालं. मोटारींना आत मज्जाव. त्या शहरात नोकरीला असलेला माझा भाचा या वाटेवर रोज सायकल मारतो, तीही बोडक्या डोक्याने. का, असं विचारलं तर म्हणतो, "मामा, इथं गाडीच नाही, मग हेल्मेट कशाला? आणि बाहेर ट्रकने उडवलं तर ते थर्माकोल काय वाचवणार?"

म्हणजे बघा, आत नको कारण ट्रक नाही आणि बाहेर नको कारण ट्रक आहे! हाच युक्तिवाद मी पणजीत ऐकलाय, म्हापशातही ऐकलाय. शिकलेली माणसं तो करतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात सायकलचं हेल्मेट ट्रकसाठी बनवलेलंच नाही. ते पडण्यासाठी आहे. मी कला शाखेचा माणूस, तरी एवढं मलाही कळतं की नारळ आपण कातळावर आपटून फोडतो, चिखलात आपटून नव्हे. चिखलात तो हळू थांबतो, कातळावर क्षणार्धात. डोक्याचंही तेच. हेल्मेटच्या आतला फेस आघाताने दबतो आणि डोक्याला थांबायला दोनेक सेंटिमीटरची जागा मिळते. बस्स, एवढंच त्याचं काम. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. युरोपच्या मानकात त्याची चाचणी साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर आपटून होते, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटरचा आघात. सायकलवरून पडणाऱ्या माणसाचं डोकं जवळपास त्याच उंचीवरून खाली येतं. आता सांगा, हे माप ट्रकचं की पडण्याचं?

आणि पडायला गाडी लागते कुठे? पुढच्याच्या चाकाला चाक लागलं, कुत्रं आडवं आलं, ओल्या जागेवर ब्रेक दाबला, की झालं. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह इतर सायकलस्वारांना धडकून पडला आणि डोक्याच्या दुखापतीने गेला. हेल्मेट नव्हतं. त्याच वर्षी सायकलच्या जागतिक संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. ज्यांचं आयुष्य सायकलवर गेलं ते जर असे पडतात, तर आपण कोण?

कुणाला आकडे हवे असतील तर तेही आहेत. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली. हेल्मेटधारकांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. शंभर टक्के नव्हे, हे मान्य. खांद्याचं हाड, हनुवटी यांना ते वाचवत नाही. पण छत्रीत पाय भिजतात म्हणून आपण छत्री फेकून देतो का?

मग हॉलंडचा दाखला येतो. "तिथे कोण घालतं?" खरंय, फारसं कुणी घालत नाही. पण तिथल्या सरकारांनी आधी सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधले, ते सोडून फक्त बोडकी डोकी तेवढी आपण उचलायची? हे म्हणजे शेजाऱ्याची विहीर न बघता त्याची बाग मागणं झालं.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनवायला हवं. हेल्मेट घाला असा उपदेश करून हात झटकणाऱ्या सरकारी मंडळींना हेल्मेट म्हणजे रस्त्याला स्वस्त पर्याय वाटतो. तो नाही. ट्रकवरचं उत्तर वेगळी वाट आणि वेगाला लगाम हेच. पडण्यावरचं उत्तर हेल्मेट. प्रश्न दोन, उत्तरं दोन. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की दोन्हीकडे माणसंच मरतात.

आणि मरतात ती कोण? छपराखालच्या वाटेवर हौसेने जाणाऱ्याला हेल्मेट परवडतं, तो घालत नाही. रात्रपाळी करून सायकलने घरी परतणारा वॉचमन किंवा आमच्या गोव्यात पहाटे पावाची टोपली बांधून भोंगा वाजवत येणारा पोदेर, यांना ना वाट ना हेल्मेट. त्यांच्यावर सक्ती करून दंड ठोकावा असं मी म्हणणार नाही. पोदेराने दंड भरायचा की पीठ आणायचं? पण शाळकरी मुलांना सायकली वाटताना सोबत एक हेल्मेट द्यायला कुणाचा हात धरलाय? आणि ज्यांना परवडतं त्यांनी तरी ट्रकची सबब पुढे करू नये. डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा ट्रक होता की नव्हता, हे जमीन विचारत नाही.