पोतं फोडण्याआधी सामू बघा



उन्हाळ्यात बांध्या मोकळ्या आहेत. माती तपासायला हीच वेळ चांगली. पण आपण दुकानात जाऊन विचारतो काय, तर "डीएपी आलं का?" आपल्या जमिनीचा सामू किती, हे दुकानदारही विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. माझं मत सरळ आहे, आधी सामू, मग पोतं.

मी स्वतः फसलो म्हणून बोलतो. चिचगडला माझी वरची बांधी सिहार, खालची कन्हार. धान दोन्हीकडं बरा होतो. पण धानानंतर वरच्या बांधीत हरभरा टाकला की पिवळा पडायचा, उपटून बघितलं तर मुळाला गाठी नाहीत. तीन वर्षं मी डीएपी वाढवत गेलो. शेवटी माती तपासली. वरच्या बांधीचा सामू ५.२, खालचीचा ७.१. मधात फक्त एक धुरा!

शाळेत शिकलेलं आठवा. ७ म्हणजे ना आंबट ना खारट. त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. पण ही शिडी साधी नाही. ६ चा ५ झाला की आंबटपणा दहापट वाढतो. अशा जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम मोकळं होऊन स्फुरदाला धरून बसते. म्हणजे पैसे तुमचे, खत मातीच्या ताब्यात, अन् मूळ उपाशी. गाठी करणारे जिवाणूही तिथं टिकत नाहीत.

मग धान कसा होतो? बांधीत पाणी साचलं की मातीतली हवा जाते, लोहाचं रूप बदलते आणि काही आठवड्यांत सामू ७ कडं सरकतो. पाणी उतरलं की जमीन पुन्हा आंबट. म्हणून धान बघून हरभऱ्याची जमीन पारखू नका.

कोणी म्हणते, हळदीच्या कागदानं बघतो. चुन्यानं हळद लाल होते हे खरं, पण आंबट मातीत आणि चांगल्या मातीत ती पिवळीच राहते. तिथं ती कामाची नाही.

कार्ड आहे म्हणणाऱ्यांनाही सांगतो. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना, असं ठरलं होतं. म्हणजे कार्ड तुमच्या नावाचं, माती शेजाऱ्याची, असंही होऊ शकते. आपल्या भागात धुऱ्याधुऱ्याला जमीन बदलते. प्रत्येक बांधीचा नमुना वेगळा द्या.

मात्र हे वाचून लगेच चुना टाकू नका. एकाच सामूला हलक्या जमिनीला चुनखडी कमी लागते, भारीला जास्त. मात्रा अहवाल बघून कृषी विज्ञान केंद्रातून घ्या. युरिया, डीएपीसोबत चुना मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. जास्त चुना झाला तर जस्त मिळत नाही, धानावर खैरा येतो.

मागच्या उन्हाळ्यात मी चुनखडीची भुकटी टाकून नांगरलं, डीएपी एका पोत्यानं कमी केलं. यंदा हरभऱ्याला गाठी दिसल्या. एक कोपरा अजून पिवळाच आहे, त्याची माती परत देणार.

तुमच्या बांधीचा सामू किती? जमिनीच्या नावासकट खाली लिहा.