आभार दादांचे, चॅनलचे कशाला?

इंटर्नशिप संपली की प्रमाणपत्राचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘अमुक चॅनलनं खूप काही शिकवलं.’ माझा या वाक्यावरच आक्षेप आहे. चॅनल काही शिकवत नाही. शिकवतो एखादा माणूस, आणि तेही बहुतेक वेळा चॅनलची नजर चुकवून.

मी सक्करदऱ्यात राहते. नागपुरातल्या एका वृत्तवाहिनीच्या ब्युरोत दोन महिने काम केलं. बाईट ऐकून टाईप करायचे, जिल्ह्यांतून आलेले व्हिडिओ उतरवून घ्यायचे, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. पैसे शून्य. शिकवण्यासाठी कुणाच्याही शिफ्टमध्ये पाच मिनिटं राखलेली नव्हती. जे शिकले ते एका जुन्या कॅमेरामन दादांकडून, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.

एकदा शूटवरून परतताना त्यांनी सक्करदरा उड्डाणपुलाखाली गाडी थांबवली. 9 सप्टेंबर 2022 च्या रात्री या पुलावर भरधाव कारनं दुचाकींना धडक दिली होती. एकाच घरातले चौघे पुलावरून खाली फेकले गेले आणि मेले. त्यांत दोन लहान मुलं होती. आमच्या भागात अजूनही त्या पुलावरून जाताना लोक गाडी हळू करतात.

दादा म्हणाले, “समज, आत्ता झालं. तुले लाइव्ह द्याचं आहे. पहिले का करशील?” मग स्वतःच सांगत गेले. किती गेले, हे कोणी सांगितलं? त्याचं नाव लिहून घे. मेडिकलला फोन लाव, पोलीस ठाण्याला लाव, दोन्हीकडचा आकडा जुळला तरच बोल. कठडा किती उंच आहे ते वर जाऊन पाहा, कारण उद्या लोक तेच विचारतील. थरकाप, काळजाचा ठोका असले शब्द सुचले की तोंड बंद ठेव. “आन घरचे मेडिकलच्या बाहेर बसून असन, तर बूम खाली. कोनी किती बी फोन करो.”

फोन कोण करतं, ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. असाइनमेंट डेस्क. ‘बाईट मिळाला का? दुसऱ्यांकडे चालू झालं.’ दादा शिकवत होते ते थांबायला, आणि चॅनल मोजतं फक्त वेग. तरी प्रमाणपत्रावर लोगो मात्र चॅनलचाच.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आयटीआयचा मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून लागला, तर 1961 च्या कायद्यानं त्याला विद्यावेतन द्यावं लागतं. मालक स्वतः त्या कामात पात्र नसेल तर प्रशिक्षणाची जबाबदारी पात्र माणसाकडे सोपवावी लागते. म्हणजे लेथ शिकणाऱ्या पोराला कायद्यानं गुरू आहे. बातमी शिकणाऱ्या पोरीला तो नशिबानं मिळतो. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांपुरता होता. 2020 च्या संहितेत टीव्ही आला खरा, पण पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे त्याच्यासाठी. इंटर्न त्यात बसत नाही. त्यातच 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपला क्रेडिट मिळायला लागले, म्हणजे फुकट हातांची रांग आता कॉलेजच लावून देतं.

‘आम्हीही असंच शिकलो,’ हे उत्तर मी बऱ्याच सिनियर मंडळींकडून ऐकलं आहे. शिकलात ना? मग तुम्हाला शिकवणाऱ्याला त्या तासांचे पैसे कोणी दिले, तेही सांगा. दादांना कोणी दिले नाहीत. ते एक डबा दोघांत वाटून खात होते आणि उरलेल्या वीस मिनिटांत मला व्हाइट बॅलन्स दाखवत होते. असल्या भलेपणावर अख्खा धंदा चालवायचा, आणि वर त्याला ‘ट्रेनिंग प्रोग्राम’ म्हणायचं?

यंदा ज्यांना जायचं आहे, त्यांनी जरूर जावं. फक्त पहिल्या दिवशी एचआरला दोन गोष्टी लेखी मागा: मला शिकवणाऱ्याचं नाव, आणि त्यासाठी त्याच्या शिफ्टमधून काढलेला वेळ. दोन्ही रकाने कोरे आले, तर तो कागद कॉलेजच्या समन्वयकांच्या टेबलावर नेऊन ठेवा. क्रेडिट तेच देतात.