नागपाड्याची इमारत आणि मे महिन्यातलं कुलूप

उन्हाळी शिबिर म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न फीचा असतो. पोहणं, रोबोटिक्स, घोडेस्वारी; ज्याच्या खिशात पैसे, त्याच्याच मुलाला सुट्टी. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहतात, तिथल्या मुलांनी मे महिना कुठे काढायचा?

मुंबईच्या नागपाड्यात या प्रश्नाला जवळपास शंभर वर्षांपूर्वी उत्तर शोधलं गेलं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले आणि पुढे 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू झालं. लंडनचं टॉयन्बी हॉल (१८८४), शिकागोचं हल हाउस (१८८९) यांच्या जातकुळीतली ही संस्था. विचार साधा होता: गरिबांना लांबून दान देऊ नका, त्यांच्या वस्तीत राहा, त्यांचे शेजारी व्हा. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती अशा मिश्र वस्तीत खेळ, वाचन, आरोग्य आणि व्याख्यानं एका छताखाली आली.

याच इमारतीत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. मॅन्शार्ट पहिले संचालक. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. नागपाडा म्हटलं की गुन्हेगारीच्या कहाण्या सांगणाऱ्यांना, आणि खुद्द आपल्या मुलांनाही, हे ठाऊक नसतं.

नागपाड्यात बास्केटबॉल रुजला यातही नवल नाही. क्रिकेटच्या मैदानाएवढी जागा तिथे कुठून आणणार? बास्केटबॉलला २८ मीटर बाय १५ मीटर पुरतात; एक चेंडू, दहा खेळाडू. तिथलं मैदान आज बच्चू खान या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखलं जातं. भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुन्तसिर याच नागपाड्याचे.

हे सांगायचं कारण एवढंच की जागा आणि शिकवणारं माणूस मिळालं तर मोहल्ल्यातली मुलं कुठवर जातात, याचा दाखला आपल्या घरातच आहे. तरी आपली बिरादरी वर्गणी काढते ती बहुतेक शादीखान्यासाठी. शादीखाना हवाच, गरिबाच्या मुलीचं लग्न तिथे होतं. पण मे महिन्यातही सकाळी सात ते दहा तो रिकामाच असतो. उर्दू शाळेच्या फाटकाला तर जूनपर्यंत कुलूप.

जूनमध्ये हजेरी घेताना मला त्या कुलपाची किंमत कळते. आठवी-नववीची काही मुलं गॅरेजला चिकटलेली असतात, ती परत येत नाहीत. मुली येतात, पण दीड महिन्यात घरच्या चार भिंतींपलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नसतं.

शिक्षकांनाही सुट्टी हवी, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून हे काम शिक्षकांवर लादू नये. मोहल्ल्यातल्या डीएड-बीएड झालेल्या, नोकरीच्या शोधातल्या तरुणांना जमातीने मानधन द्यावं. मुलींसाठी वेगळी वेळ आणि ओळखीची बाई हजर असावी. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्याने निम्मा सुटतो. तीन तास, एक चेंडू, पन्नास उर्दू-मराठी गोष्टीची पुस्तकं. एका वलीम्याच्या मंडपापेक्षा खर्च कमीच येईल.

नवी इमारत बांधायला दहा वर्षं लागतील. आहे त्या इमारतीचं कुलूप या मे महिन्यातच निघू शकतं. चावी कुणाकडे आहे, हे प्रत्येक मोहल्ल्याला माहीत असतं. त्यांच्या दारात जाऊन ती मागूया.