कान टोचला, आता सहा महिने सांभाळा

‘कान सोनारानेच टोचावेत’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा अर्थ. शब्दशः घेतली तरी ती खोटी नाही. सोनाराचा हात हलका, तार सोन्याची, आणि टोचायची जागा म्हणजे कानाची मऊ पाळी. बारशाच्या सुमारास टोचलेले बाळाचे कान महिना-दीड महिन्यात बरे होतात व पुढे कुणाला त्याची आठवणही राहत नाही. पण म्हणीतला हा निर्धास्तपणा पाळीपुरताच आहे, आणि हल्ली कान पाळीच्या बराच वर टोचला जातो. आजचा विषय तोच आहे.

वर टोचण्याची ही पद्धत परदेशातून आली असे कुणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. आपली बुगडी कानाच्या वरच्या कडेलाच घालतात. पेशवाईतली भिकबाळी पुरुषांच्या उजव्या कानाच्या वरच्या भागात असे. आजीच्या कानात बुगडी होती, म्हणून नातीने कान टोचला तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. फरक पडला आहे तो टोचण्याच्या साधनात आणि नंतरच्या काळजीत. यात्रेतल्या दुकानात किंवा शहरातल्या फॅशनच्या दुकानात खटक्याची मशीन कानाला लावतात, ‘टक’ असा आवाज होतो, आणि पोरगी हसत घरी येते. पुढे काय करायचे, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

पाळी आणि वरचा कान यांत मूळचाच फरक आहे. पाळीत मांस, चरबी आणि भरपूर रक्तवाहिन्या असतात. जखम झाली की रक्त धावून येते. वरच्या भागात कूर्चा असते, म्हणजे ज्याला आपण कानाचे मऊ हाड म्हणतो ते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातूनच तिचे पोषण होते. म्हणून पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, तर वरच्या छिद्राला कमीत कमी तीन ते सहा महिने आणि कित्येकदा वर्षही लागते. बाहेरून कातडी भरलेली दिसते, पण आतली जखम ओलीच असते.

आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला, की कूर्चेची उपासमार होते. ती मरते, गळते आणि कानाचा आकार बसतो. हे कसे दिसते ते वऱ्हाडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावतीचे नाव व्यायामाच्या क्षेत्रात गाजले, आणि जुन्या पैलवानांचे चुरगळलेले कान आपण सर्वांनीच पाहिले आहेत. तेथे मार लागून रक्त साचते, येथे जंतू शिरून पू साचतो; कूर्चेचे हाल दोन्हीकडे सारखेच. पैलवानाला त्या कानाचा अभिमान असतो. अठरा वर्षांच्या मुलीला मात्र तो जन्मभर केसांखाली लपवावा लागतो.

नांदगाव खंडेश्वरच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक शेतकरी बारावीतल्या मुलीला घेऊन आले. ‘‘डॉक्टरसाहेब, इच्या कानाले काय झालं, पाहा बरं.’’ ओढणी बाजूला केली, तर वरचा अर्धा कान लालबुंद, गरम आणि डोक्यापासून पुढे आलेला; खालची पाळी मात्र अगदी चांगली. पाळी सोडून सुजलेला कान हे कूर्चेच्या आवरणाला सूज आल्याचे ठळक लक्षण आहे. दुखणे आठ दिवसांचे होते. ‘‘बाबा रागावतीन म्हनून सांगतलं नाई,’’ ती हळूच म्हणाली. तोवर औषधाच्या दुकानातून आणलेल्या चार गोळ्या आणि हळद-तेल एवढाच उपचार झाला होता. तिला त्याच दिवशी अमरावतीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. पू काढावा लागला. कान वाचला, पण वरची कड थोडी दुमडली ती दुमडलीच.

त्या गोळ्यांनी गुण का आला नाही, तेही सांगतो. या दुखण्यात बरेचदा स्यूडोमोनास नावाचे जंतू असतात. ते ओलाव्यात आणि साठवलेल्या पाण्यात वाढतात, आणि नेहमीच्या साध्या प्रतिजैविकांना जुमानत नाहीत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली एकाच दुकानात कान टोचून घेतलेल्यांमध्ये या जंतूंची साथ उद्भवली होती. सात रुग्णांत जंतू सिद्ध झाले, आणखी अठरा संशयित होते. सिद्ध झालेले सातही जण वरचा कान टोचलेले होते. तपासात हे जंतू जंतुनाशकाच्या बाटलीतच सापडले! खटक्याच्या मशीनचा दोष दुहेरी आहे. ती बोथट जोराने कूर्चा चिरडते, आणि प्लॅस्टिकची मशीन उकळून वा वाफेखाली निर्जंतुक करता येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की पाळीच्या वर ही मशीन लावूच नये. निर्जंतुक, नवी, पोकळ सुई आणि हातमोजे वापरणाऱ्या जाणकाराकडून किंवा डॉक्टरकडूनच टोचून घ्यावे. एकाची सुई दुसऱ्याला लावली, तर ‘ब’ प्रकारची कावीळ व एड्सचे विषाणू पसरू शकतात, हेही विसरू नये.

आपल्या पूर्वजांनी टोचण्यापेक्षा निगेलाच अधिक महत्त्व दिले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कर्णवेधाचा आहे. कान उन्हाच्या प्रकाशात पाहून टोचावा, चुकीच्या जागी टोचल्यास वेदना, ज्वर, सूज येते, दर तीन दिवसांनी वात बदलून थोडी जाड घालावी, असे त्यात सांगितले आहे. आणि फाटलेली पाळी सांधण्याच्या पंधरा रीती दिल्या आहेत. टोचण्याचा विधी थोडक्यात, पण नंतरचा विचार विस्ताराने. आपण नेमके उलट करतो.

आता निगा कशी राखावी ते पाहू. हात साबणाने धुतल्याशिवाय कानाला लावू नयेत. दिवसातून दोन वेळा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाईनने जागा भिजवावी. ते नसेल तर उकळून थंड केलेल्या एक पेला पाण्यात पाव चमचा मीठ चालेल, मात्र ते रोज ताजे करावे. खपली भिजून आपोआप निघेल, नखाने काढू नये. नंतर स्वच्छ गॉजने टिपून कोरडे करावे. दागिना गोल फिरवू नये. हळद, खोबरेल, तूप, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड यांपैकी काहीही लावू नये. त्या कुशीवर झोपू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे मुली गाडीवर जाताना तोंड-डोके घट्ट बांधतात. तो स्कार्फ रोज धुतलेला आणि कानावर सैल असावा. नदी-तलावातले पोहणे काही महिने टाळावे. धनुर्वाताची लस झाली आहे की नाही ते आधी पाहावे. मधुमेह असलेल्यांनी आणि घरात कुणाच्या व्रणावर गाठ वाढण्याची प्रवृत्ती असल्यास त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचा कान टोचू नये. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना बुगडीसाठी कान टोचणे तर नकोच. तेवढ्यापुरती दाबाची बुगडी मिळते.

पहिले काही दिवस थोडी लाली, थोडे दुखणे आणि पांढुरका स्राव असणारच. त्याने घाबरू नये. पण तीन-चार दिवसांनंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढला, कान गरम होऊन फुगला, हिरवट-पिवळा पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दागिना काढायचा की ठेवायचा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. ‘कान टोचणे’ याचा मराठीत रागावणे असाही अर्थ आहे, आणि पोरीने न विचारता कान टोचला की आपण तो दुसरा अर्थ लगेच अमलात आणतो. मग ती दुखणे लपवते. या आजारात लपवलेला एकेक दिवस कूर्चेचा तुकडा घेऊन जातो, आणि गेलेली कूर्चा परत येत नाही. म्हणून लाल कान दिसला, तर आधी दवाखाना गाठा. बोलायचे असेल ते कान बरा झाल्यावर बोला.