‘तिकडे बघ’ आणि ‘इकडे बघ’

सहकुटुंब प्राणिसंग्रहालय पाहायला आलेल्या मंडळींच्या तोंडी दोन आज्ञार्थी वाक्ये सतत ऐकू येतात. पहिले, ‘तो बघ वाघ, तिकडे बघ!’ आणि दुसरे, ‘आता जरा इकडे बघ!’ पहिले वाक्य मुलाला प्राण्याकडे वळवते. दुसरे त्याला प्राण्याकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर उभे करते. घरच्या अल्बममध्ये मात्र बहुधा दुसऱ्या वाक्याचाच पुरावा उरतो. ही विसंगती साहित्याच्या अभ्यासकांनी एखाद्या संहितेसारखी वाचावी, असे आम्हांस वाटते.

जॉन बर्जर यांनी ‘अबाउट लुकिंग’ (१९८०) या संग्रहातील प्राण्यांविषयीच्या निबंधात असे मांडले आहे की, प्राणिसंग्रहालयात माणसाची आणि प्राण्याची नजरानजर होतच नाही. प्राण्याची नजर आपल्यावरून निसटून जाते. हे निरीक्षण मार्मिक आहे, पण ते एकाच बाजूचे आहे. माणूस तरी पाहतो आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कौटुंबिक छायाचित्र सांगते ते निराळेच: वाघाने तोंड फिरवले आहे आणि त्याच्यासमोरच्या कुटुंबानेही.

तरीही या छायाचित्रांची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. १८६२ साली खुली झालेली भायखळ्याची राणीची बाग घ्या. मुंबईच्या चाळींतून राहणाऱ्या कित्येक कुटुंबांसाठी ती अल्प खर्चातली, दशम्यांचा डबा बरोबर घेऊन करायची हक्काची सहल होती. कॅमेरा असलाच, तर तो बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक ३’सारखा साधा डबा-कॅमेरा. एका रोलमध्ये फक्त १२ छायाचित्रे, आणि दूरचे जवळ आणण्याची सोय नाही. गजांआडचा वाघ त्यात करड्या डागाएवढाच उमटणार. अशा वेळी मुलांना पुढे उभे करून वाघाला पाठीमागे साक्षीदार म्हणून ठेवणे हा अरसिकपणा नव्हता, शहाणपणाच होता. ‘वाघ असा दिसतो’ हे ते छायाचित्र सांगतच नव्हते. ‘एक दिवस आपण सारे येथे होतो’ एवढेच सांगत होते. त्या ‘साऱ्यां’तही कॅमेरा धरणारा बहुधा नसे. कित्येक अल्बमांत वडील दिसत नाहीत ते याच कारणाने.

आज यातील बहुतेक अडचणी संपल्या आहेत. फोनमध्ये छायाचित्रांची मोजदाद नाही, प्राणी जवळ ओढून घेता येतो, आणि राणीच्या बागेतही अनेक ठिकाणी गजांऐवजी काच आली आहे. म्हणजे उभे राहण्याची ती जुनी रीत आता गरजेपोटी उरलेली नाही. ती निव्वळ सवय झाली आहे. पूर्वी ‘इकडे बघ’ दिवसातून १२ वेळांपेक्षा अधिक म्हणणे परवडत नसे, म्हणून ‘तिकडे बघ’ला वेळ उरे. आता तो उरत नाही. शिवाय चौकटही आखडली आहे. २०१७ साली या बागेचे शुल्क वाढले, तेव्हा आई, वडील आणि दोन मुले अशा चौघांसाठी १०० रुपयांचे एकत्र तिकीट ठरले. त्या एकत्र तिकिटात आजी नव्हती. हाताच्या अंतरावरून स्वतःच काढलेल्या छायाचित्रातही साधारण तेवढीच माणसे मावतात. वडील चौकटीत आले, पण आजी बाहेर गेली, आणि वाघ तर खांद्याआड.

येथे अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांचे ‘द ॲनिमल्स’ (१९६९) हे पुस्तक आठवावे. मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्या या बापाने कोणालाही ‘इकडे बघ’ म्हटल्याचे त्या चित्रांत जाणवत नाही. पिंजऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही जीव तो एकाच चौकटीत घेतो. कोण कोणाला पाहते आहे, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहतो. त्याची उपरोधिक दृष्टी घरच्या अल्बमात आणावी, असे आम्ही म्हणत नाही. पण तो उभा राहिला ती जागा घेण्यासारखी आहे: कुटुंबाच्या समोर नव्हे, मागे.

काचेला नाक लावून उभे असलेले पाठमोरे मूल, बोट दाखवणारी आजी, आणि पलीकडे आपल्याच नादात फिरणारे जनावर, असे छायाचित्र एकदा काढून पाहावे. त्यात चेहरे नीट दिसणार नाहीत; नातेवाइकांना पाठवायलाही ते फारसे सोयीचे नाही. काचेत कदाचित छायाचित्र काढणाऱ्याचे पुसट प्रतिबिंबही येईल. येऊ द्यावे. चेहरे इतर शेकडो छायाचित्रांत असतातच. त्या मुलाने जनावराकडे खरोखर पाहिले होते, याचा पुरावा मात्र अशा पाठमोऱ्या छायाचित्रातच मिळेल. आणि त्या काचेपलीकडच्या बंदिवानाला निदान पाहिले जाणे तरी आपण देणे लागतो.