साडेसव्वीस ओम

'मॉड्युलर किचन' हा शब्द ज्याने रूढ केला त्याला एकदा आमच्या कोड रिव्ह्यूला आणून बसवायला पाहिजे. आमच्या धंद्यात मॉड्युलर म्हणजे एक भाग काढून तिथे दुसरा बसवला तरी बाकीच्यांना पत्ता लागू नये. किचनवाल्यांच्या धंद्यात मॉड्युलर म्हणजे सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि चिकटवलंय हे दिसू नये म्हणून वरून लॅमिनेट!

एवढं तिरकस लिहायचं कारण म्हणजे गांधीबागेतल्या माझ्या मामेभावाकडचा बिल्ट-इन ओव्हन. खाली कापडाचं दुकान, वर घर, असा तिथला नेहमीचा मामला. वहिनी घरून केक आणि नानकटाईच्या ऑर्डरी घेतात, आणि हे काम हौसेचं नाही, त्यातून मुलीच्या क्लासची फी जाते. ओव्हन सात वर्षं जुना. एक दिवस दिवा लागतोय, पंखा फिरतोय, घड्याळ चालू, पण आत सगळं थंडगार. "भाऊजी, सगळं चालू आहे, फक्त तापूनच नाही राहिला," इति वहिनी. बग रिपोर्ट असावा तर असा. आमच्या टेस्टिंग टीमलासुद्धा इतकं नेमकं लिहिता येत नाही.

कंपनीच्या (नाव राहू द्या) सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयारच होतं: मॉडेल बंद झालंय, एलिमेंट सुटा मिळत नाही, एक्स्चेंज ऑफर चालू आहे. बरं, नवा घ्यायचा तर त्याचा कोनाडा वेगळ्या मापाचा, म्हणजे सुतार, ग्रॅनाइटवाला आणि पुन्हा लॅमिनेट. आणि हे सगळं होईपर्यंत ऑर्डरी बंद.

आता हा एलिमेंट म्हणजे असं काय मोठं रहस्य आहे ते बघू. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, एक बारीक गुंडाळी. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली, आणि बाहेरून स्टीलची नळी. पावडर उष्णता बाहेर जाऊ देते, वीज अडवते. झालं! नायक्रोमचं पेटंट अल्बर्ट मार्शला १९०६ साली मिळालं, म्हणजे तंत्रज्ञान शंभर वर्षांहून जुनं. यात चिप नाही, फर्मवेअर नाही, पासवर्ड नाही. आपल्याकडचा इमर्शन रॉड आणि गिझरचा एलिमेंट याच जातीचे. शेगडीची उघडी कॉईल हा त्यांचा गरीब भाऊ.

त्याची परीक्षाही दहावीच्या पुस्तकातली आहे. पंख्याभोवतीचा गोल एलिमेंट २००० वॉटचा, वीज २३० व्होल्ट. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे साडेसव्वीस ओमच्या आसपास. मल्टिमीटर लावल्यावर एवढा आकडा आला तर एलिमेंट जिवंत, काहीच नाही आलं तर आत तार तुटलेली. (त्याआधी ओव्हनचा थर्मल कटआउट उडालेला नाही ना हे बघून घ्यावं. नाहीतर बिचाऱ्या एलिमेंटवर नाहक आळ यायचा.) आमच्या मीटरने काहीच दाखवलं नाही. निदानाला लागली दोन मिनिटं.

पण त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला अर्धा दिवस गेला. ओव्हनचं दार उघडलं की चौकटीत स्क्रू दिसतात, ते काढले की ओव्हन पुढे सरकतो. हे झालं पुस्तकातलं. इथे ओव्हन चार बोटं पुढे आला आणि अडकला. मागची वायर अगदी मापात कापलेली, प्लग ओव्हनच्या बरोब्बर मागे, म्हणजे ओव्हन काढल्याशिवाय प्लग निघत नाही आणि प्लग काढल्याशिवाय ओव्हन निघत नाही. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला शिव्या बसतात. इथे लिहिणारा सुतार पैसे घेऊन सात वर्षांपूर्वीच गेलेला. शेवटी एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, इलेक्ट्रिशियनने बाजूच्या कपाटाची पाठ कापली आणि तिथून हात घातला.

मागे हवा खेळायला जागाही नव्हती. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे ओव्हनच्या पाठीला फळी घट्ट लावायची ही कुठली सुंदरता? कंपनीच्या पुस्तिकेत मागे किती जागा सोडा हे चित्र काढून दिलेलं असतं. पण ती पुस्तिका ग्राहकाच्या कपाटात आणि सुतार स्वयंपाकघरात, दोघांची गाठ कधी पडतच नाही.

मग जुना एलिमेंट पिशवीत टाकून बाजारात. गांधीबाग म्हटलं की लोकांना ठोक कापड आठवतं, पण तिथून इतवारीकडे चालत गेलं की बोळाबोळांत वेगळीच दुनिया आहे. मी मोबाइलवर मॉडेल नंबर काढून तयार होतो. दुकानदाराने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नंबर नका सांगू भाऊ, जुना आणला का ते सांगा." आणला होता. त्यांनी वळशाचा व्यास मोजला, पत्तीवरच्या भोकांमधलं अंतर मोजलं, टोकं किती बाहेर हवीत ते पाहिलं, वॉट विचारले. "चार दिवसांनी या." चौथ्या दिवशी नमुन्याबरहुकूम वाकवलेला नवा एलिमेंट हातात. नव्या ओव्हनच्या किमतीपुढे त्याचे पैसे म्हणजे चहापाणी.

म्हणजे जो भाग कंपनीच्या लेखी अस्तित्वात नाही, तो घरापासून चालत जायच्या अंतरावर बनत होता. 'मिळत नाही' आणि 'आम्ही विकत नाही' यांत फरक आहे, आणि माझं भांडण नेमकं याच फरकाशी आहे.

सुरक्षेचा मुद्दा काढतील, आणि तो खोटा नाही. ही २३० व्होल्टची वस्तू आहे, यूट्यूब बघून मागचं झाकण उघडायची नाही. जोडाला सोल्डर चालत नाही, उष्णतेने वितळतं. थिंबल घट्ट दाबूनच बसवावा लागतो. वायर साधी पीव्हीसीची चालत नाही, उष्णता सोसणारी फायबरग्लासची लागते. अर्थिंग जागच्या जागी हवं. एलिमेंटची तार आणि नळी यांच्यात वीज गळत नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासून घ्यायचं. ती मॅग्नेशियमची पावडर ओल ओढते, त्यामुळे पावसाळाभर बंद असलेला ओव्हन सुरू करताच ईएलसीबी पडतो तो बऱ्याचदा याचमुळे. सगळं जोडल्यावर पहिला अर्धा तास रिकामाच तापवायचा, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास येतोच. पण सुरक्षेची एवढीच काळजी असेल तर भाग विका, सोबत हे सगळं लिहून द्या. भाग दडवून ठेवल्याने कोणी सुरक्षित होत नाही.

सरकारच्या डोक्यात हे नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात घरगुती उपकरणं धरली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही काढलं. पोर्टलवर माहिती असणं आणि कंपनीवर भाग विकायची सक्ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपियन युनियनने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्याच्या मूळ यादीत वॉशिंग मशीन आहे, डिशवॉशर आहे, फ्रिज आहे, मोबाइल आहे. ओव्हन नाही! ओव्हनवर कोणाचंच प्रेम दिसत नाही.

याउलट आमचा नागपुरी कूलर बघा. दिसायला पत्र्याची पेटी, आवाज विमानाचा. पण एप्रिल आला की पंप बदला, ताट्या बदला, मोटर रिवाइंड करून आणा, आणि पेटी पुन्हा वीस वर्षं चालते. कोणत्याही कंपनीचा पंप कोणत्याही कूलरला लागतो. खरा मॉड्युलर म्हणायचा तर हा. पण त्याला कोणी शोरूममध्ये उभं करत नाही, आणि आपणही हप्त्यावर किचन घेताना दाराचा सॉफ्ट-क्लोज दहा वेळा लावून बघतो, ओव्हन बाहेर कसा काढायचा हे एकदाही विचारत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे फ्लॅट ताब्यात यायचेत, किचनची कोटेशनं चालू असतील. ओव्हन घ्यायच्या आधी कंपनीला मेल करून विचारा, एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि दाराची रबर सुटी विकता का, आणि किती वर्षं. उत्तर लेखी घ्या. सोळा अँपियरचा पॉइंट आणि त्याचं बटण ओव्हनच्या मागे नको, बाजूच्या कपाटात. आणि वायर हातभर जास्त सोडायला सांगा. सुतार म्हणेल, "काहून साहेब, मागे गुंडाळी दिसून राहील ना." दिसू द्या. ओव्हनच्या मागे कोण बघायला जातंय?