शिळेचे दप्तर

भीमा आणि सीना जेथे एकमेकींना भेटतात, त्या हत्तरसंग-कुडल येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मध्ये कोरलेला मराठी लेख मराठीच्या प्राचीनतम शिलालेखांत गणला जातो, आणि तो अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील लेखांसाठी आयुष्यभर पायपीट करणाऱ्या कै. आनंद कुंभार यांचे आहे. शिळेवर ओला कागद बसवून, त्यावर शाई फिरवून ठसा घेण्याची रीत विश्वासार्ह खरी. परंतु झिजत चाललेल्या अक्षराची खोली कागदावर उतरत नाही, ती आता लेसर-मापनाने आणि त्रिमितीय छायाचित्रणाने केसागणिक टिपता येते.

मात्र कायदा अद्याप कुंपणापाशीच उभा आहे. १९५८चा केंद्रीय आणि १९६०चा महाराष्ट्राचा, असे प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचे दोन्ही कायदे घोषणा, पहारा आणि दंड यांवर विसंबलेले आहेत. २०१०च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर बांधकामास मनाई केली, त्यापुढील २०० मीटरवर निर्बंध घातले, या सभोवारच्या जमिनीची मोजणीही आवश्यक ठरवली. पण ज्या अक्षरांसाठी हा सारा बंदोबस्त, त्यांच्या मोजणीचा हुकूम कोठेच नाही. पुरावशेष बाळगणाऱ्या खासगी मालकाने नोंदणीच्या अर्जासोबत छायाचित्रे जोडावीत, असे १९७२चा कायदा बजावतो. सरकारने स्वतःला मात्र तसे बंधन घालून घेतलेले नाही, ही विसंगती आम्हाला सर्वांत अधिक खटकते. लेखाचा कोपरा कोणी फोडला, तर पूर्वी तेथे काय होते हे न्यायासनापुढे कोणत्या दस्तऐवजाने सिद्ध करावयाचे?

पॅरिसचे नोत्र दाम २०१९ मध्ये जळाले, तेव्हा अँड्र्यू टॅलन या अध्यापकाने आधीच करून ठेवलेले लेसर-मापन पुनर्बांधणीच्या कामी आले. ती एका व्यासंगी माणसाची आस्था होती. संगमावरचा वारसा अशा योगायोगावर सोपविणे आम्हाला मान्य नाही.

म्हणून संरक्षणाच्या अधिसूचनेबरोबरच त्रिमितीय मापन सक्तीचे व्हावे, ठराविक मुदतीने ते पुन्हा घेतले जावे, त्याला पुराव्याचा दर्जा मिळावा, आणि त्याची प्रत ठेकेदाराच्या यंत्रात अडकून न पडता सोलापूर विद्यापीठात अभ्यासकांना विनामूल्य खुली असावी. गावोगावी पारापाशी तैलरंग आणि शेंदूर यांखाली बुजत चाललेल्या, संरक्षित यादीत नसलेल्या वीरगळांचीही ग्रामपंचायतीमार्फत अशीच नोंद घेण्याची तरतूद व्हावी. त्यासाठी आरंभी एक साधा भ्रमणध्वनी आणि चार शिकवून तयार केलेले तरुण पुरेसे आहेत.